नोझलला हात लावण्याआधी

चिंचवड, आकुर्डी, भोसरी ते चाकण या पट्ट्यात मोटारसायकली बनतात, आणि त्या बनवणाऱ्यांत खेड, मावळ, मुळशीची आपली पोरं आहेत. तीच मोटारसायकल मग हप्त्यावर, नाहीतर एमआयडीसीत गेलेल्या जमिनीच्या मोबदल्यातून आपल्या अंगणात येते. पाच-सहा महिने जातात. मग सायलेन्सर बदलतो, एअर फिल्टर बदलतो आणि शेवटी गाडी ‘ट्यूनिंग’ला जाते. बाप म्हणतो, पोराचा नाद आहे, जाईल हळूहळू.

शेतीच्या पानावर मोटारसायकल कशाला, असे कोणी विचारील. कारणे तीन आहेत. पैसा शेताचा आहे, टाकीतल्या पेट्रोलमध्ये आपल्या उसाचे इथेनॉल आहे, आणि गाडीवर बसलेला पोरगा आपला आहे.

शेतकरी बंधूंनो, ज्याच्याकडे ठिबक आहे त्याला हे तंत्र समजायला अवघड नाही. ठिबकमधून खत सोडायला आपण व्हेंच्युरी लावतो. पाणी अरुंद जागेतून जोरात गेले की खत आपोआप ओढले जाते. जुना कार्बोरेटर याच तत्त्वावर चालायचा, फक्त पाण्याच्या जागी हवा आणि खताच्या जागी पेट्रोल. फ्युएल इंजेक्शन म्हणजे व्हेंच्युरी काढून मोजून खत देणारा पंप बसवणे. टाकीतला पंप तीन बारच्या आसपास दाब तयार करतो आणि इंजेक्टरचे बारीक नोझल ठरल्या वेळी उघडते, तेही सेकंदाच्या काही हजाराव्या भागापुरते. किती वेळ उघडायचे, हे ईसीयू नावाचा छोटा संगणक ठरवतो. त्याच्याकडे एक तक्ता असतो. एका बाजूला थ्रॉटल किती उघडला, दुसऱ्या बाजूला इंजिनाचे फेरे किती, आणि प्रत्येक चौकोनात पेट्रोलची मात्रा. आपल्या खताच्या वेळापत्रकासारखेच समजा.

हे तंत्र आपल्याकडे एका रात्रीत आले नाही. बजाजची पल्सर २२० ही गाडी २००७ मध्ये इंजेक्शनसह आली. २००९ मध्ये तीच कार्बोरेटर लावून कमी किमतीत विकायला आली. गिऱ्हाईक तेव्हा किंमत पाहत होते. २०१२ मध्ये चाकणला बनलेली केटीएम २०० ड्यूक बाजारात आली, २०१३ मध्ये ३९० आली. ३७३ सीसी आणि सुमारे ४३ अश्वशक्ती. छोट्या ट्रॅक्टरची ताकद दीडशे किलोच्या आसपासच्या दुचाकीत. पुढे १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाले आणि साध्या प्रवासी गाडीतही इंजेक्शन आले. म्हणजे हा विषय आता फक्त हौशी पोरांचा राहिलेला नाही. दूध घालायला डेअरीवर जाणाऱ्या गाडीतही तेच नोझल आहे.

आता बिघडते कुठे ते पाहू. एक किलो पेट्रोल नीट जळायला १४.७ किलो हवा लागते. कंपनीचा तक्ता कंपनीच्या सायलेन्सरवर आणि कंपनीच्या फिल्टरवर बेतलेला असतो. मोकळा सायलेन्सर आणि उघडा फिल्टर लावला की इंजिनात हवा जास्त जाते, पेट्रोल मात्र जुन्या हिशेबाने पडते. मिश्रण कोरडे होते, इंजिन तापते, व्हॉल्व्ह आणि पिस्टन खराब होतात.

पोरं म्हणतात, “गाडी तर झकास चालते!” चालणारच. धुराच्या नळीत ऑक्सिजन सेन्सर असतो. संथ, एकसारख्या वेगात तो धुरातला ऑक्सिजन मोजतो आणि ईसीयू मात्रा दुरुस्त करून घेतो. पण थ्रॉटल पूर्ण पिळला की ही दुरुस्ती थांबते आणि गाडी फक्त तक्त्यावर चालते. म्हणजे गावातल्या रस्त्यावर सगळे ठीक वाटते आणि नाशिक हायवेवर पूर्ण वेगात असताना इंजिन भाजत असते. नुकसान नेमके कानाला कळत नाही तिथेच होते. म्हणून “आवाजावरून ट्यूनिंग करतो” असे सांगणाऱ्याकडे इंजेक्शनची गाडी सोडू नये.

उलट टोकही वाईटच. पेट्रोल वाढवले की गाडी जोर धरते असा समज आहे. डिझेल पंपाचा स्क्रू पिळून ट्रॅक्टर काळा धूर ओकत चालवणारे आपल्याकडे कमी नाहीत. हा समज तिथूनच आला. जादा पेट्रोल प्लग काळा करते, ऑइल पातळ करते आणि धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळून टाकते. सायलेन्सरमधून ‘पटाके’ फुटावेत म्हणून मुद्दाम केलेले ट्यूनिंग म्हणजे न जळलेले पेट्रोल नळीत पेटवणे. लिटरमागे पैसे मोजायचे आणि धुराड्यात जाळायचे!

योग्य ट्यूनिंगची रीत माती परीक्षणासारखी आहे, आधी मोजमाप, मग मात्रा. पहिल्यांदा एअर फिल्टर, प्लग, व्हॉल्व्हचे अंतर, चेन आणि इंजेक्टरची सफाई बघायची. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. नंतर गाडी डायनोवर, म्हणजे रोलरवर चढवून ताकद मोजायची आणि धुरावरून हवा-पेट्रोलचे प्रमाण चौकोनागणिक तपासायचे. मगच तक्ता बदलायचा, तोही थोडा थोडा, मूळ तक्ता जपून ठेवून. हे काम करणारा माणूस आधीचा आणि नंतरचा कागद हातात देतो. कागद नाही, तर पैसे नाही, एवढा नियम बापाने धरावा.

यात इथेनॉलचा धडा वेगळा आहे. २०२५ मध्ये देशात पेट्रोलमधले इथेनॉल २० टक्क्यांपर्यंत पोचले. त्यात उसाचा रस आणि मळी यांचा मोठा वाटा आहे, म्हणून साखर कारखान्याच्या सभासदाने हा विषय परका मानू नये. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते; शुद्ध पेट्रोलचा १४.७ चा आकडा २० टक्के मिश्रणात साडेतेराच्या आसपास येतो. जुन्या तक्त्याची गाडी त्यामुळे थोडी कोरडी चालते आणि वर मोकळा सायलेन्सर असला की दुप्पट कोरडी. इथेनॉलमध्ये ऊर्जाही कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच जुन्या दुचाकींचे ॲव्हरेज ३ ते ४ टक्के घटेल असे म्हटले होते. दोष इथेनॉलचा नाही, जुळणी न करण्याचा आहे. ब्राझीलमध्ये २००९ मध्येच कोणत्याही प्रमाणावर चालणारी मोटारसायकल आली, आणि आपल्याकडे टीव्हीएसने २०१९ मध्ये नुसत्या इथेनॉलवर चालणारी अपाचे आणली. तक्ता नीट मांडला की ऊस गाडी पळवू शकतो.

जाता जाता फवारणी पंपाचेही सांगतो. इथेनॉल हवेतले पाणी शोषते. पेट्रोलवरचा पंप किंवा गवत कापायचे मशीन हंगाम संपल्यावर टाकी भरून ठेवू नका. टाकी आणि कार्बोरेटर रिकामा करा, पेट्रोल घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, पावसाळाभर तर नकोच.

कायद्याची बाजू ग्रामपंचायत आणि पोलीस पाटलांनी लोकांपुढे स्पष्ट ठेवावी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. अठरा वर्षांखालील मुलाच्या हाती गाडी दिली तर पालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, शिवाय वर्षभर गाडीची नोंदणी रद्द. अपघात झाला आणि गाडीत न कळवलेले बदल निघाले, तर विमा कंपनी अडवणूक करायला मोकळी. वाहनाच्या कर्जाला जमीन तारण असेल तर हा हिशेब सातबाऱ्यापर्यंत जातो.

तरीही पोरांना नुसते रागावून भागणार नाही. ज्या पोराला इंजेक्टरची मिलिसेकंद समजते, त्याच्या डोक्यात काहीतरी आहे. या पट्ट्याला अशा डोक्यांची गरज आहे. पुण्यात एआरएआय आहे, भोसरीला सीआयआरटी आहे, मोरवाडीला महापालिकेची आयटीआय आहे. गाड्या तपासण्याची, शिकण्याची ही ठिकाणे आपल्या उंबऱ्यापासून तासाभरावर आहेत. शर्यतीचा नाद असेल तर चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला आणि कोइमतूरला त्यासाठी बांधलेले ट्रॅक आहेत. तिथे हेल्मेट, नियम आणि रुग्णवाहिका असते. चाकण चौकात मात्र दुधाची गाडी, शाळेची पोरं आणि कंटेनर असतात.

सरपंचांनी पुढच्या ग्रामसभेत एवढेच करावे. गावातल्या हौशी पोरांची यादी काढावी, आयटीआयमधल्या एखाद्या निदेशकाला बोलवावे आणि पाराजवळ एक गाडी उघडून दाखवायला सांगावे. ज्याला शिकायचे आहे त्याचे नाव त्याच दिवशी लिहून घ्यावे. आवाजाने गाव जागे करणारा पोरगा उद्या गावातल्या चाळीस गाड्यांचे नोझल साफ करून घर चालवू शकतो. जमीन एकदाच विकता येते, बंधूंनो. हातातली कला रोज विकता येते आणि तरीही शिल्लक राहते.