तो नुसता हसला म्हणे!



या वेळी सांडगे आणि कुरडयांच्या वाळवणाबद्दल लिहायचं ठरवलं होतं. ते पुढच्या खेपेला. आधी हे लिहून मोकळी होते, नाहीतर चीक शिजवतानाही माझं लक्ष लागायचं नाही.

आमच्याकडे साडीला फॉल-पिको करून देणारी एक बाई आहे. गेली बारा-तेरा वर्षं तिच्याकडेच माझ्या साड्या जातात. पंधरा दिवसांपूर्वी साडी द्यायला आली, पैसे घेतले आणि दारातच उभी राहिली. "काकी, एक सांगू का? रागावू नका." तिचा मुलगा आणि माझा नातू एकाच शाळेत, एकाच वर्गात, सातवीत. तो मुलगा बोलताना अडखळतो. क आणि प ही अक्षरं आली की जास्तच. शिकवणीच्या वर्गात तो धडा वाचत असताना कुणीतरी फोनवर त्याचं रेकॉर्डिंग केलं. मग त्याला ढोलकीचा ठेका लावला आणि ते मुलांच्या ग्रुपवर टाकलं. पुढे त्याचा तोंड उघडलेला फोटो काढून त्याचं स्टिकर केलं. गृहपाठ काय आहे विचारलं की ते स्टिकर, मॅच हरली की ते स्टिकर. पाच आठवडे हे चाललं होतं. त्या मुलाच्या सकाळी रोज पोटात दुखायचं. तिने दोन डॉक्टर केले, सोनोग्राफीसुद्धा केली. पोटात काहीच निघालं नाही. एका सोनोग्राफीसाठी किती साड्यांना फॉल लावावे लागतात याचा हिशेब मी मनातल्या मनात केला आणि गप्प बसले.

तिने फोन माझ्यापुढे धरला. त्या क्लिपखाली माझ्या नातवाचं नाव होतं आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणारे तीन चेहरे. असं चार ठिकाणी.

माझ्या तोंडून काय निघालं सांगू? "अगं, पण त्याने काही केलेलं नाही. तो नुसता हसलाय."

ती "हो काकी" म्हणाली आणि गेली.

(हे सगळं लिहायला मी तिची परवानगी घेतली आहे. गाव, शाळा, नावं सांगणार नाही. कुणी विचारूही नये.)

त्या रात्री जपाला बसले आणि मणी पुढे सरकेना. माळेत 108 मणी का, हे आपल्याला पाठशाळेत शिकवलेलं असतं. संरंभ, समारंभ, आरंभ हे तीन. मन, वचन, काया हे तीन. कृत, कारित, अनुमोदना हे तीन. आणि क्रोध, मान, माया, लोभ हे चार. तीन त्रिक नऊ, नऊ त्रिक सत्तावीस, सत्तावीस चोक 108. पाप घडण्याच्या एवढ्या वाटा. मी कॉमर्सची, मला आकडे लगेच दिसतात. या 108 पैकी 36 मणी अनुमोदनेचे आहेत. स्वतः केलं नाही, दुसऱ्याकडून करवून घेतलं नाही, फक्त 'छान, चालू दे' म्हटलं, त्याचे 36. बरोबर एक तृतीयांश! चाळीस वर्षं मी ही माळ ओढते आहे आणि माझ्या घरातल्या पोराच्या बाबतीत पहिलं वाक्य निघालं ते 'तो नुसता हसला'.

पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहिलेला माणूस काय म्हणतो? 'मी एक रुपयाही घेतला नाही, मी नुसती सही केली.' पतसंस्था ऐकून घेते का? आपल्या सांगली-कोल्हापूरकडच्या कितीतरी घरांनी या नुसत्या सहीपायी नोटिसा घेतल्या आहेत. ते हसणारे तीन चेहरे म्हणजे जामीनदाराची सही होती. ठेका लावणारा मुलगा एकच होता. त्याच्या क्लिपखाली कुणीच हसलं नसतं, तर दुसरं स्टिकर बनवायला त्याला हुरूप आला असता का?

हे मी माझ्या मनचं सांगत नाही. फिनलंडमध्ये क्रिस्टिना साल्मिवाल्ली नावाच्या संशोधक बाई आहेत. त्यांनी 1990 च्या दशकात वर्गातल्या छळाचा अभ्यास केला आणि दाखवून दिलं की हे दोन मुलांमधलं प्रकरण नसतं, अख्ख्या वर्गाचं असतं. एक छळणारा, त्याला हात देणारे काही, हसून जोर पुरवणारे काही, बघून न बघितल्यासारखं करणारे बरेच, आणि बाजू घेणारे थोडे. त्यावरून तिथल्या तुर्कू विद्यापीठाने शाळांसाठी 'किवा' नावाचा कार्यक्रम तयार केला आणि 2009 पासून तो देशभरच्या शाळांमध्ये गेला. त्याचा भर छळणाऱ्यावर जितका, तितकाच बघणाऱ्यांवर. हसणारे हसायचे थांबले की छळणाऱ्याची मजा जाते, हे त्यामागचं साधं गणित. आपल्याकडे या हसणाऱ्यांना अनुमोदना करणारे म्हणतात. आपल्याकडे शब्द कधीपासूनचा आहे, पण तो फक्त मंदिरात वापरायचा असं आपण ठरवून टाकलंय.

स्वाध्यायानंतर मी हा विषय बायकांपुढे काढला. तिथे जे ऐकायला मिळालं त्यासाठीच खरं तर हा लेख आहे.

पहिलं उत्तर आलं, "मुलं आहेत, चालायचंच. आपल्या वेळी नव्हतं का चिडवणं? आपण घडलोच ना?" आपण घडलो म्हणणाऱ्या आपण इथे बसलो आहोत. जी घडली नाही ती इथे नाही, म्हणून ती बोलत नाही. माझ्या वर्गात एक मुलगी होती, तिच्या हातांवर पांढरे डाग होते. तिला जे नाव ठेवलं होतं ते मी इथे लिहिणार नाही. तिच्या शेजारी कुणी डबा खायला बसायचं नाही. मीही बसले नाही. आठवीनंतर ती शाळेत आली नाही आणि आम्हाला कुणाला त्याचं काही वाटलंही नाही. शिवाय तेव्हा पाचची घंटा झाली की चिडवणं शाळेच्या फाटकाशी थांबायचं. आता ते रात्री अकरा वाजता अंथरुणात येतं, आणि एकदा पाठवलेलं किती फोनांत जाऊन बसलं हे पाठवणाऱ्यालाही कळत नाही.

दुसरं उत्तर, "आईने मुलाला जरा खंबीर करायला हवं." म्हणजे दोष अडखळणाऱ्याचा. यावर मी काही बोलत नाही.

तिसरं उत्तर मात्र फार गोड आवाजात आलं, आणि मला सगळ्यात जास्त तेच खटकलं. "क्षमा करायला शिकवा हो त्या मुलाला. उत्तम क्षमा!" शाळेनेही वेगळं काही केलं नव्हतं. दोघांना ऑफिसात बोलावून हात मिळवायला लावले, सॉरी म्हणायला लावलं आणि प्रकरण मिटलं असं जाहीर केलं. त्या संध्याकाळी हात मिळवतानाचं नवीन स्टिकर ग्रुपवर आलं.

भांडण आणि छळ यांत फरक आहे. नॉर्वेत या विषयाचा पाया घालणाऱ्या डान ओल्वेयस यांनी छळाच्या तीन खुणा सांगितल्या: मुद्दाम केलेला असतो, पुन्हापुन्हा केलेला असतो आणि दोन्ही बाजूंची ताकद सारखी नसते. बरोबरीच्या दोघांचं भांडण हात मिळवून मिटतं. एका बाजूला एकोणीस आणि दुसऱ्या बाजूला एक असेल, तर त्या एकाला हात पुढे करायला लावणं म्हणजे त्याला आणखी एकदा वाकवणं. आणि आपल्या धर्मात क्षमा मागण्याचं काम चुकणाऱ्याचं आहे. ज्याला लागलंय त्याच्याकडून ती वसूल करायची नसते. क्षमावाणीला आपण काय करतो ते आठवा. एकच संदेश तीनशे जणांना पाठवतो आणि ज्या जावेशी वर्षभर बोललेलो नाही तिचं नाव तेवढं गाळतो. तीच पद्धत आता मुलांना शिकवायची का?

आता थोडं आपल्याच ताटातलं. आपली मुलं छळ सोसतात, हे खरं आहे. बटाटा नाही, कांदा नाही, सूर्यास्तानंतर वाढदिवसाचा केक नाही, म्हणून त्यांना किती ऐकावं लागतं ते प्रत्येक आईला माहीत आहे. तेव्हा आपण शाळेत तावातावाने जातो. पण हीच मुलं शेजारच्या डब्यात अंडं दिसलं की नाक धरून "शी!" म्हणतात, बाक सरकवतात, तेव्हा आपल्याला मनातून बरंच वाटतं. संस्कार टिकले म्हणतो. ज्याच्या डब्याला शी म्हटलं ते पोर घरी जाऊन आईला काय सांगत असेल? अहिंसा पोटापुरती आणि जिभेला मोकळीक, असं कुठल्या शास्त्रात आहे? पाच समितींमध्ये भाषा समिती आहेच ना?

आणि आपले स्वतःचे ग्रुप? मागच्या महिन्यात आपल्या महिला मंडळाच्या ग्रुपवर एका जाड नवरीच्या नाचाचा व्हिडिओ फिरत होता. कोण कुठली मुलगी, तिच्या लग्नाचा दिवस. खाली अकरा जणींनी हसरे चेहरे टाकले. मी टाकला नाही, पण 'हे काढून टाका' असंही लिहिलं नाही. नातू माझ्या शेजारी बसून माझ्या फोनमध्ये बघत होता.

फोन काढून घेतला की प्रश्न संपला असं काहींना वाटतं. ज्याला त्रास होतोय त्याचा फोन काढून घेतला की तो पुढच्या वेळी आपल्याला सांगत नाही, एवढाच बदल होतो. माझ्या ओळखीच्या एका आईने मुलीच्या फोनवरचे ते सगळे मेसेज रागाने पुसून टाकले. पुरावाच गेला. पुसू नका. नाव, नंबर, तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट काढा, मग शाळेला लेखी द्या आणि पोच घ्या. एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. मुलाचा किंवा मुलीचा उघडा फोटो असेल तर 'हे बघा काय चाललंय' म्हणून तो कुणालाही पुढे पाठवू नका, स्वतः जवळ जपूनही ठेवू नका. सरळ पोलिसांत जा. पोक्सो कायद्याखाली असं काही बाळगणं, न कळवणं हाही गुन्हा ठरू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2024 मध्ये स्पष्ट केलं आहे. म्हणजे नुसतं ठेवून घेणं कायद्यालाही नुसतं वाटत नाही. घाबरलेल्या मुलाला स्वतःला फोन करता येईल असा नंबर 1098 आहे, तो फ्रीजवर लावून ठेवा.

शाळा म्हणते, आमच्या हातात काही नाही. आहे. महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा 1999 चा आहे. त्यात चिडवणं आणि चेष्टा करणं हेही धरलेलं आहे. लेखी तक्रार आली की संस्थेच्या प्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची असते, आणि त्याने दुर्लक्ष केलं तर त्या प्रमुखाने गुन्ह्याला साथ दिली असं मानलं जातं. पुन्हा अनुमोदनाच! 2022 पासून शाळांमध्ये सखी सावित्री समिती असायला हवी. आपल्या शाळेत ती आहे का, तिच्यावर कोण आहे आणि ती शेवटची कधी बसली, हे विचारायला वकील लागत नाही.

घरात काय झालं तेही सांगते, कारण लोकांना शिकवून स्वतः कोरडी राहिले असं व्हायला नको. नातवाला मी मारलं नाही, फोनही घेतला नाही. त्याला सांगितलं, जिथे हसलास तिथेच लिही. त्याने त्याच ग्रुपवर लिहिलं, 'मी हसलो ते चुकलं. क्लिप काढून टाका.' मग आम्ही दोघं त्यांच्या घरी गेलो. तो मुलगा आतल्या खोलीतून बाहेर आला नाही. नातू दाराशी उभं राहून बोलला आणि आम्ही परत आलो. आतून उत्तर आलं नाही, आणि ते यायलाच हवं असंही नव्हतं.

सुनेला हे अजिबात पटलेलं नाही. "एकोणीस जण हसले, आपल्याच मुलाला कशाला पुढे करायचं?" असं ती म्हणाली, आणि तिची भीती खोटी नव्हती. दुसऱ्या दिवसापासून नातवाला नवीन नाव मिळालं, 'महाराज'. क्रिकेटला घेत नाहीत. आता ती माझ्याशी कामापुरतं बोलते. पण दोघा मुलांनी ती क्लिप स्वतःहून काढली आणि एकजण ग्रुपमधून बाहेर पडला, हेही तिनेच मला सांगितलं, भाकऱ्या थापता थापता.

शाळेला द्यायचा अर्ज मी लिहून ठेवला आहे: वर्गातल्या सगळ्या पालकांची बैठक बोलवा, फक्त त्या दोघांची नाही, समितीची नावं फलकावर लावा, सात दिवसांत लेखी उत्तर द्या. वर्गात बेचाळीस मुलं आहेत. आतापर्यंत सात आयांनी सही केली आहे. सुनेने अजून केलेली नाही. सोमवारी अकरा वाजता मी शाळेत जाणार आहे, तोपर्यंत अर्ज आमच्या घरी देवघराच्या फळीवर आहे. यायचं असेल तिने यावं.