चिंचोक्यांचा जुगार

गेल्या कोजागरीला आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या गच्चीवर दूध आटायला वेळ होता, म्हणून माझ्या भाच्याने खिशातून तीन फासे काढले. खेळ अगदी साधा. गोल करून बसायचं, प्रत्येकाला तीन चिंचोके. हातात जितके चिंचोके तितके फासे टाकायचे, फार तर तीन. एक, दोन, तीन पडले तर काही द्यायचं नाही. चार पडला की एक चिंचोका डावीकडच्याला, सहा पडला की उजवीकडच्याला, पाच पडला की मधल्या वाटीत. वाटीत गेलेला परत येत नाही. शेवटी ज्याच्या एकट्याकडे चिंचोके उरतील तो जिंकला. अमेरिकेत हाच खेळ खास छापलेल्या फाशांसह ‘लेफ्ट राइट सेंटर’ या नावाने विकतात. आमचे फासे लूडोच्या डब्यातले होते.

शिकायला दोन मिनिटं लागली. पहिल्या मजल्यावरच्या आजी, सात वर्षांची एक मुलगी, वॉचमनची बायको, भाचा आणि मी. पाचांत कोण हुशार, कोण शिकलेलं, हे ठरवायला खेळात जागाच नव्हती. मला त्यातली एक गोष्ट फार आवडली : हातात एकही चिंचोका नसलेला माणूस बाद होत नाही. तो बसून राहतो. शेजाऱ्याचा फासा चार किंवा सहा पडला की तो पुन्हा खेळात. आजी दोनदा रित्या झाल्या आणि तिसऱ्यांदा जिंकल्या.

तेवढ्यात सोसायटीचे सचिव आले. निवृत्त इंजिनिअर, आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. दोन फेऱ्या त्यांनी उभ्याने पाहिल्या आणि विचारलं, “यात डोकं कुठे लावायचं?” कुठेच नाही, असं मी म्हणाले. “मग हा जुगारच की! मुलांच्या हातात बुद्धिबळ द्या.” पुढच्या आठवड्यात नोटीस लागली : सोसायटीच्या आवारात फाशांचे खेळ खेळू नयेत.

ही नोटीस एकट्या काकांची नाही, आपल्या सगळ्या मध्यमवर्गी पुण्याची आहे. म्हणून भांडायचं.

आधी जुगाराचं बघू. चिंचोक्याला बाजारात किंमत नाही, त्यामुळे आम्ही जुगार खेळत नव्हतो, हे सरळ उत्तर झालं. पण काकांचा आक्षेप पैशांवर नव्हताच, डोकं न लावण्यावर होता. कौशल्य असेल तर खेळ सभ्य, नशीब असेल तर हलका, ही वाटणी आपल्या कायद्यातही आहे. मुंबई इलाख्याच्या १८८७ च्या जुगारबंदी कायद्याने निव्वळ कौशल्याचे खेळ वगळले. १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवला. (महाराष्ट्र सरकारने १९६९ पासून स्वतःची लॉटरी विकली, ते वेगळंच.) पुढे मोबाइलवर पैसे लावून खेळायची रमी आणि क्रिकेटच्या टीमा याच एका शब्दाच्या आडोशाने घराघरांत शिरल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कौशल्य असो की नशीब, पैशांच्या ऑनलाइन खेळांवर सरसकट बंदी घातली, तोवर लोकांचे किती पगार त्यात गेले! नशीब वाईट म्हणणारा निदान कधीतरी थांबतो. आपलं कौशल्य कमी पडलं असं वाटणारा उद्या पुन्हा बसतो, कारण कौशल्य वाढवता येतं अशी त्याची समजूत. फासा एवढं खोटं बोलत नाही. दहा वेळा टाकून एकदाही सहा न पडण्याची शक्यता सुमारे १६ टक्के असते, आणि अकराव्या वेळी सहा पडण्याची शक्यता पहिल्या वेळेइतकीच, सहात एक. हे सात वर्षांच्या मुलीला गणिताच्या पुस्तकाआधी चिंचोक्यांनी कळतं.

काकांनी अर्थातच महाभारत काढलं. द्यूताने काय झालं ते आठवा म्हणाले. आठवतंच. पण ज्या शहरात भांडारकर संस्थेच्या पंडितांनी १९१९ ते १९६६ एवढी वर्षं खपून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, त्या शहराने फक्त सभापर्व लक्षात ठेवावं? पुढे आरण्यकपर्वात युधिष्ठिर कुढत बसलेला असताना बृहदश्व ऋषी त्याला नळाची गोष्ट सांगतात. द्यूतात राज्य घालवलेला नळ ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. ऋतुपर्ण वाटेतल्या बेहड्याच्या झाडाची पानं-फळं अंदाजाने मोजून दाखवतो, आणि नळ त्याच्याकडून अक्षहृदय शिकतो. अक्षहृदय म्हणजे फाशाचं मर्म. वेदकाळी फासे म्हणून बेहड्याचीच फळं वापरत, तेव्हा झाड काही उगाच निवडलेलं नाही. गोष्ट संपल्यावर बृहदश्व तीच विद्या युधिष्ठिराला देतात. खेळाची आवड होती, मर्म ठाऊक नव्हतं, म्हणून तो बुडाला. आणि ग्रंथातला उपाय फासे जाळणं हा नाही, ते शिकणं हा आहे.

आपल्या बोलण्यातून तर फासे जातच नाहीत. आपलं दान पडतं, फासे उलटे पडतात, पळणारा पोबारा करतो तोही सारीपाटाच्या पौ-बाऱ्यावरून. भाषेत एवढं सामावलेलं घरातून मात्र हद्दपार, आणि प्रत्येक कोपऱ्यावर बुद्धिबळाचा क्लास. बुद्धिबळाशी माझं वैर नाही. पण पटावर दोन्हीकडे सोळा-सोळा सोंगट्या असतात, हे विसरून आपण जगही तसंच मांडलेलं आहे असं मुलांना शिकवतो.

आता खरं सांगते, हे सगळं मला का झोंबलं. माझा भाचा लातूरहून आला आणि चार वर्षं सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससीची तयारी करतोय. अभ्यासिकेत सकाळी सातला जातो. यंदा मुख्य परीक्षेत तो दीड गुणाने राहिला. दीड गुण म्हणजे काय? एखादा प्रश्न आदल्या रात्री वाचलेल्या पानावरचा निघणं किंवा न निघणं. गच्चीवर काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, “कुठेतरी कमी पडलास रे.” प्रेमाने म्हणाले. काका स्वतः स्वस्ताईच्या काळात कोथरूडला प्लॉट घेऊन मोकळे झालेले, आणि त्याला ते अजून दूरदृष्टी म्हणतात.

मेहनतीला अर्थ नाही, असं मी म्हणत नाही. भाच्याच्या मेहनतीला तर फार आहे. पण ज्याचं दान पडलं त्याने ते दान होतं एवढं कबूल करावं, नाहीतर ज्याचं पडलं नाही तो रात्रभर आपलंच काय चुकलं ते शोधत राहतो. भाचा त्या रात्री हेच करत होता. दूध त्याने घेतलं नाही.

यंदाच्या कोजागरीला गच्ची नसेल तर माझा हॉल आहे. आजींनी चिंचोके धुऊन वाळवून ठेवलेत. काकांना बोलावणं केलंय. येतो म्हणाले नाहीत, पण किती वाजता ते विचारलं.