प्रेक्षक उदंड, साक्षी कोण?

आज आषाढी एकादशी. चंद्रभागेच्या वाळवंटी टाळमृदंगांचा गजर चालला असेल, आणि ज्यांना यंदा पंढरीस जाणे घडले नाही ते घरच्या देव्हाऱ्यापुढे तुळस वाहून उपवासाचा संकल्प करतील. आजपासून कार्तिकी एकादशीपर्यंत चातुर्मास. कुणी कांदालसूण वर्ज्य करील, कुणी एकभुक्त राहील, कुणी पोथीचा नेम धरील. अशा पुण्यपर्वावर आम्ही वाचकांपुढे एक वेगळाच विषय ठेवीत आहोत. घरातील पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या हातातील मोबाईलचा हा विषय आहे. कुणी नाक मुरडू नये. व्रत हे मनाला वळण लागावे म्हणून असते, आणि आपल्या घरातील कोवळ्या मनांना आज वळण कोण लावीत आहे, हे पाहणे चातुर्मासाच्या विचाराबाहेरचे नाही.

माउलींची पालखी लोणंद मुक्कामी होती, तेव्हाची गोष्ट. आम्ही वाईहून नातवाला घेऊन दर्शनास गेलो होतो. मुलगा गुणी आहे. रांगेत चार तास उभा राहिला, पण कुरकुर केली नाही. दर्शन घेऊन बाहेर येताच त्याने पालखीतळाकडे तोंड करून साष्टांग नमस्कार घातला, आणि त्याच्या मित्राने तो मोबाईलवर टिपला. नातवाने चित्र पाहिले. केस कपाळावर आले होते, म्हणून त्याने पुन्हा नमस्कार घातला. या खेपेस मधून कुणी आडवे गेले, म्हणून तिसऱ्यांदा घातला. पहिला नमस्कार माउलींना पोचला असे आम्ही मानतो. तिसरा कुणाला पोचला, हा प्रश्न मनात धरून आम्ही रागावलो आणि परतीच्या एस.टी.त त्याच्याशी शब्दही बोललो नाही.

तो राग धरण्याचा अधिकार आम्हांला होता का? हे सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. २०२० साली महामारीमुळे देवळे बंद झाली. पायी वारी झाली नाही, पादुका एस.टी.ने पंढरपुरास गेल्या. मुलांची शाळाही मोबाईलवर भरू लागली. त्याच काळात नातवाच्या मदतीने आमची कीर्तने यूट्यूबवर जाऊ लागली. उत्सव बंद असता घरबसल्या वृद्धांना श्रवण घडले, परदेशी असलेल्या मुलालेकींनी आईवडिलांसह आरती केली. हा लाभ आम्ही विसरलेलो नाही.

पण त्याबरोबर एक आकडाही घरात आला. पूर्वरंगातील चाळीस मिनिटांचे निरूपण दोनशे जणांनी पाहिले. मध्येच सहज सांगितलेला सुनेसासऱ्याचा एक विनोद कुणी तोडून वेगळा ठेवला, तो वीस हजारांनी पाहिला. चाळीस वर्षे नारदांच्या गादीवर उभे राहिल्यानंतर, साठी उलटल्यावर, आम्ही पहाटे करदर्शनाआधी तो आकडा पाहू लागलो. पुढच्या कीर्तनात विनोद तीन झाले. त्यापुढच्या कीर्तनात निरूपण अर्ध्यावर आले. देवळे उघडल्यावर एका उत्सवात, कीर्तन संपून बुक्का लावून घेताना, नेहमी पहिल्या रांगेत बसणाऱ्या एक वृद्ध माउली म्हणाल्या, "बुवा, कीर्तन रंगले. पण आज तुम्ही आमच्याशी बोलत नव्हता." तेवढेच बोलल्या आणि आरतीला वळल्या. आमच्यासमोर दोनशे माणसे बसली होती आणि आम्ही मोबाईलमागच्या, कधी न पाहिलेल्या वीस हजारांशी बोलत होतो. हे त्या वीस हजारांपैकी एकालाही कळणे शक्य नव्हते. ते त्या माउलींना कळले, कारण त्या आम्हांला तीस वर्षे ऐकत होत्या.

पाहणाऱ्याचे दोन प्रकार मानता येतील. एक प्रेक्षक आणि दुसरा साक्षी. प्रेक्षक खेळ पाहतो आणि खेळ संपताच उठून जातो. 'साक्षी' या शब्दाची सिद्धी पाणिनीने प्रत्यक्ष पाहणारा अशा अर्थी सांगितली आहे. मुंडकोपनिषदातील एकाच वृक्षावरच्या दोन पक्ष्यांचे रूपक सर्वांस ठाऊक आहे. एक फळ खातो, दुसरा न खाता नुसता पाहतो. वेदान्तात हा साक्षी आपल्याच अंतरात असतो. पण लहान मुलाच्या अंतरातील साक्षी आपोआप जागा होत नाही, अशी आमची नम्र धारणा आहे. आई, आजी, गुरुजी, शेजारचे काका यांनी आपल्याला पाहिले आहे, आपल्या चांगल्यावाइटासकट पाहिले आहे, या अनुभवातून तो हळूहळू जागा होतो.

मनुष्य स्वतःला दुसऱ्याच्या डोळ्यांतून ओळखतो, हे पाश्चात्त्यांनीही जाणले आहे. चार्ल्स कूली या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९०२ साली या 'मी'ला आरशाची उपमा दिली. तेव्हाचा आरसा म्हणजे घर, आळी, शाळा. आजचा आरसा निराळा आहे. फेसबुकवर पसंतीचे बटण २००९ साली आले, इन्स्टाग्राम २०१० साली निघाले, आणि २०१६ नंतर आपल्या देशात डेटा इतका स्वस्त झाला की खेड्यापाड्यांतील मुलांच्या हातीही हा आरसा आला. तो नुसते प्रतिबिंब दाखवीत नाही. मूल कशापाशी किती वेळ थांबले, काय पुन्हा पाहिले, याची तो नोंद ठेवतो आणि तशाच गोष्टी पुढे सारतो. पसंती कधी भरभरून मिळते, कधी मिळत नाही. म्हणून बोट पुन्हा पुन्हा तिकडे जाते. ज्या रूपाला टाळी मिळते ते रूप वाढते. ज्या रूपाला ती मिळत नाही ते मूल स्वतःच पुसून टाकते. हे घडते तेही अशा वयात, जेव्हा समवयस्कांचा शब्द आईबापांच्या शब्दाहून जड वाटतो.

उपनिषदांनी तीन एषणा सांगितल्या: पुत्रैषणा, वित्तैषणा आणि लोकैषणा. मूळ संदर्भी 'लोक' म्हणजे परलोकादी लोक. पण व्यवहारात आपण लोकैषणा म्हणजे लोकांनी वाहवा करावी ही हाव, असेच समजतो. पूर्वी ती हाव मनुष्याला मधल्या वयात गाठीत असे. आता ती मिसरूड फुटण्याआधीच गाठते.

आता त्या नमस्काराचे पुढे काय झाले ते सांगतो. लोणंदहून आल्यावर काही दिवसांनी, राग निवल्यावर, आम्ही नातवाला कृष्णेच्या घाटावर घेऊन गेलो आणि उपदेश न करता नुसते विचारले, "ते चित्र लोकांना आवडले का रे?" तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आजोबा, ते नातेवाइकांसाठी होतं. मित्रांसाठी माझं दुसरं खातं आहे." त्या दुसऱ्या खात्यावर तो स्वतःला 'बुवा' म्हणवून स्वतःचीच टिंगल करीत होता. दोन वर्षांपूर्वी आमच्या मागे टाळ घेऊन उभा असलेला त्याचा एक तुकडा वर्गातील मुलांनी हिंडवला होता आणि आठवडाभर त्याची नक्कल केली होती. इतरांनी हसण्याआधी आपणच हसावे, ही युक्ती त्याने त्यातून काढली.

त्याच सुमारास त्याने टाळ सोडले होते. आम्ही समजत होतो की अभ्यास वाढला. सहाव्या वर्षापासून आमच्या मागे उभा राहणारा मुलगा एके दिवशी उभा राहिनासा झाला, आणि आम्ही एकदाही विचारले नाही. त्या दिवसांत आम्ही आमचा आकडा मोजीत होतो. त्या मुलाला प्रेक्षक शेकडो मिळाले होते. साक्षी म्हणून जो घरात होता तो हजर नव्हता.

आपल्याकडे बहुरूपी दारी येत असे. सकाळी पोलीस, दुपारी साधू. पण संध्याकाळी तो रंग धुऊन आपल्या पालावर जाई, तिथे त्याचे नाव ठाऊक असलेली माणसे असत. आमच्या नातवाला दोन सोंगे होती, आणि रंग धुण्याची जागा म्हणजे घर. तिथेही आम्ही त्याच्या सोंगावर रागावलो होतो.

यावर उपाय काय? सरकारे आपापल्या परीने पाहत आहेत. ऑस्ट्रेलियाने २०२४ साली कायदा केला आणि १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना अशा माध्यमांवर खाते ठेवण्यास मज्जाव केला. आपल्या देशाच्या २०२३ च्या विदा संरक्षण कायद्यातही मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवणे आणि त्यांना हेरून जाहिरात करणे यांस मनाई आहे. हे इष्टच आहे. पण कायदा दार बंद करील; दाराच्या आत कोण बसले आहे ते पाहणे घराचे काम. आम्हांला सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव अधिक जवळचे वाटते. त्या गावाने २०२२ साली ठरविले की संध्याकाळी सात वाजता देवळावरील भोंगा वाजला की दीड तास दूरदर्शन आणि मोबाईल बंद. या व्यवस्थेचा विशेष असा की भोंगा मुलांसाठी जितका वाजतो तितकाच आईबापांसाठीही वाजतो. वडिलांनी बाहेर ओटीवर मोबाईल पाहावा आणि आत मुलाला दरडावावे, हा प्रकार त्यात बसत नाही.

म्हणून सर्व माताभगिनींना आणि गृहस्थांना आमची विनंती आहे की या चातुर्मासात इतर नेमांबरोबर एक नेम घ्यावा. दिवेलागणीपासून रात्रीच्या जेवणापर्यंत घरातील सर्वांचे, आजोबांसकट सर्वांचे, मोबाईल देव्हाऱ्याजवळ ठेवावेत. त्या वेळात मुलाला उपदेश करू नये, त्याचा मोबाईल तपासू नये. त्याच्याजवळ बसावे. तो शेंगा सोलीत असेल तर शेंगा सोलाव्यात. नेहमी जे मूल करीत असे ते त्याने कधी सोडले, हे आठवून पाहावे आणि एकदा विचारावे. उत्तर त्या दिवशी येणार नाही, कदाचित श्रावण सरेल. नेमाला चार महिने उगीच दिलेले नाहीत.

आमच्या नातवाने टाळ पुन्हा हाती घेतले, असे सांगता आले असते तर आख्यानाचा शेवट गोड झाला असता. तसे अजून झालेले नाही. कृष्णाबाईच्या उत्सवातील कीर्तनाला तो आला आणि मागे खांबाला टेकून बसला. आरतीच्या वेळी आम्ही पाहिले, त्याचे ओठ हलत होते, आणि त्याच्या हाती मोबाईल नव्हता. आम्ही पाहिले, इतके आता त्याला ठाऊक आहे.

विटेवर उभा असलेला तो परब्रह्माचा पुतळा युगानुयुगे हात कटीवर ठेवून सर्वांना पाहत आला आहे. घराघरांतील वडीलधाऱ्यांना त्याच्या त्या पाहण्याचा लेश तरी लाभो, हीच आजच्या दिवशी पांडुरंगचरणी प्रार्थना.