थाळी हाताने नव्हे, पायाने फेकावी

मैदानी स्पर्धांचे दिवस जवळ आले की दवाखान्यात लंगडत, कण्हत येणाऱ्या मुलांची संख्या वाढते. कुणाची पोटरी धरलेली, कुणाचा घोटा सुजलेला. त्यांत एक प्रकार हमखास असतो. मुलगा सोळा-सतरा वर्षांचा, अंगाने काटक, धावण्यात आणि उडीत चांगला. एक हात कंबरेवर ठेवूनच आत येतो. ‘कशाने दुखते रे?’ विचारले की सांगतो, ‘थाळी फेकतो, डॉक्टर.’ रोज किती वेळा? ‘पन्नास-साठ.’ थाळी कोणती? ‘मोठ्यांची, दोन किलोची.’ आणि वर अभिमानाने म्हणतो, ‘डेकॅथलॉनची तयारी चालली आहे!’

तयारीबद्दल कौतुकच आहे. पण या तयारीची पद्धत चुकते आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. चूक मुलाची नाही. त्याला शिकवणाऱ्या आपण मोठ्या माणसांची आहे.

डेकॅथलॉन म्हणजे दोन दिवसांत दहा क्रीडाप्रकार. पहिल्या दिवशी १०० मीटर धावणे, लांब उडी, गोळाफेक, उंच उडी आणि ४०० मीटर धावणे. दुसऱ्या दिवशी ११० मीटर अडथळ्यांची शर्यत, थाळीफेक, बांबू उडी, भालाफेक आणि शेवटी १५०० मीटर. (मुलींच्या हेप्टॅथलॉनमध्ये थाळीफेक नसते.) थाळीचा क्रम सातवा लागतो. आदल्या संध्याकाळी ४०० मीटर धावून पाय भरून आलेले असतात, सकाळी अडथळ्यांवरून उड्या मारलेल्या असतात, आणि पुढे बांबू व भाला वाट पाहत असतात. अशा अवस्थेत तीनच फेकी मिळतात. तिन्ही चुकल्या तर गुण शून्य.

केवळ थाळीफेक करणारा खेळाडू वर्षभर तेच एक काम करतो, त्यासाठी वजन आणि ताकद वाढवतो. दहा खेळांच्या खेळाडूला ते परवडत नाही. वाढवलेले वजन त्याला बांबूवर उचलावे लागते आणि १५०० मीटर वाहून न्यावे लागते. म्हणून त्याने थाळीफेकपटूची नक्कल करू नये. त्याला हवे ते थोड्या श्रमात बसणारे, थकल्यावरही न मोडणारे तंत्र.

याचे उत्तम उदाहरण १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमधले आहे. ब्रिटनचा डेली थॉम्प्सन आघाडीवर होता. पश्चिम जर्मनीच्या युर्गेन हिंगसेनने थाळी ५०.८२ मीटर फेकली. थॉम्प्सनच्या पहिल्या दोन्ही फेकी फसल्या आणि हातातले सुवर्णपदक निसटते की काय, अशी वेळ आली. उरलेल्या एकाच फेकीत त्याने ४६.५६ मीटर गाठले. हिंगसेनपेक्षा तो चार मीटरने कमीच पडला, पण आघाडी टिकली आणि पदकही टिकले. त्याला मैदानावरचा सर्वोत्तम थाळीफेकपटू व्हायचे नव्हते. भीती आणि थकवा असतानाही एक फेक नीट बसणे, एवढेच त्याला पुरेसे होते.

आता तंत्राकडे वळू. (उजव्या हाताने फेकणारा मुलगा गृहीत धरतो.) ज्याने नदीकाठी चपटा दगड पाण्यावर फेकून उड्या मारायला लावला आहे, त्याला अर्धी थाळीफेक येतेच. तो दगड तर्जनीवरून सुटतो, थाळीही तशीच सुटली पाहिजे. थाळी मुठीत आवळायची नसते. बोटांच्या पहिल्या पेरांवर तिची कडा टेकलेली असते आणि हात फिरत असतो म्हणून ती पडत नाही. पहिले चार दिवस थाळी जमिनीवर सरळ रेषेत घरंगळत सोडायला लावावी. करंगळीकडून तर्जनीकडे ती कशी निसटते, हे हाताला कळते आणि खांद्याला त्रास होत नाही.

दुसरे पाऊल म्हणजे जागेवरून फेक. डावा खांदा मैदानाकडे, भार वाकलेल्या उजव्या पायावर, थाळी मागे लांब. इथून आधी उजव्या पायाचा चवडा फिरतो, मग खुबा समोर येतो, मग छाती आणि सर्वांत शेवटी हात. डावा पाय खांबासारखा रोवलेला असतो, त्यामुळे शरीराचा वेग तिथे अडून थाळीत उतरतो. शेतातली गोफण आठवा. दोरी स्वतः काही करत नाही, ती ताणलेली राहते आणि मागून येते. थाळीफेकीतला हात म्हणजे ती दोरी. मुलगा हाताने ओढू लागला की खांद्याचा पुढचा भाग दुखू लागतो आणि थाळीही जवळच पडते.

कंबरेचे दुखणेही इथेच सुरू होते. आपल्या कंबरेचे मणके पुढे-मागे चांगले वाकतात, पण पीळ फार थोडा घेतात. पीळ घेण्याचे काम खुब्यांचे आणि छातीमागच्या मणक्यांचे. उजवी टाच जमिनीला चिकटून राहिली की खुबा फिरत नाही, मग तो पीळ गुडघ्यावर आणि कंबरेवर येतो. त्यात फेकताना मागे झुकण्याची सवय असेल तर पाहायलाच नको. म्हणून प्रशिक्षकाने थाळी कुठे पडली हे पाहण्याआधी मुलाची टाच पाहावी.

जागेवरची फेक बसल्यावर मैदानाकडे तोंड करून, डाव्या पायावरून पुढे येत घेतलेली छोटी गिरकी शिकवावी आणि तीही बसल्यावर पाठमोरे उभे राहून पूर्ण गिरकी. अडीच मीटर व्यासाच्या वर्तुळात मुले सुरुवातीलाच भोवऱ्यासारखी गरगर फिरतात. मग खांदे पायांच्या पुढे धावतात आणि शेवटी जोरच उरत नाही. सुरुवात संथ आणि शेवट वेगवान, हा नियम. आणखी एक साधी कसोटी: गिरकी घेऊन जागेवरच्या फेकीपेक्षा अंतर वाढत नसेल, तर ती गिरकी स्पर्धेत नेऊच नये. स्पर्धेतली पहिली फेक सुरक्षित असावी, धाडस नंतरच्या दोन फेकींत करावे.

‘एवढ्याने काय होणार?’ असे काही जण विचारतात. डेकॅथलॉनच्या गुणतक्त्यात थाळी एक मीटरने पुढे गेली तर साधारण २० गुण वाढतात. तेवढेच गुण १५०० मीटरमध्ये मिळवायला तीन-साडेतीन सेकंद वाचवावे लागतात, आणि त्यासाठी किती घाम गाळावा लागतो ते धावणाऱ्याला विचारा. तंत्र सुधारले तर हा एक मीटर वजन न वाढवता मिळतो. शिवाय डावा पाय रोवण्याची सवय गोळा आणि भाल्यालाही उपयोगी पडते.

आता सरावाच्या मात्रेबद्दल. औषधाप्रमाणे सरावालाही मात्रा असते. माझ्या मते दहा खेळांच्या मुलाने आठवड्यातून दोनच दिवस थाळी फेकावी आणि एका दिवशी वीस-पंचवीस फेकींवर थांबावे. फेकी बिघडू लागल्या तर त्याआधीच. महिन्यातून एकदा अडथळ्यांच्या सरावानंतर अर्ध्या तासाने फक्त तीन फेकी घ्याव्यात, म्हणजे स्पर्धेची सवय होते. थाळीचे वजन वयाप्रमाणे असावे. पुरुषांची थाळी २ किलोची, २० वर्षांखालील मुलांची १.७५ किलोची आणि १८ वर्षांखालील मुलांची १.५ किलोची असते. शिकताना एक किलोची घेतली तरी कमीपणा नाही. बूट गुळगुळीत तळव्याचे हवेत, खिळ्यांचे नकोत. वर्तुळाभोवती जाळी हवीच. ती नसेल तर बाकीची मुले फेकणाऱ्याच्या बरीच मागे उभी करावीत, आणि पडलेली थाळी हातात धरून परत आणावी, तिकडून फेकू नये.

पालकांसाठी एक धोक्याची सूचना. वाढत्या वयातल्या मुलाची कंबर दोन आठवड्यांहून अधिक काळ दुखत असेल, मागे वाकल्यावर कळ येत असेल, तर ती ‘उसण भरली’ म्हणून सोडून देऊ नका. वारंवार पीळ आणि मागे झुकणे यांमुळे मणक्याच्या मागच्या भागाला बारीक तडा जाऊ शकतो. सुरुवातीला तो साध्या एक्स-रेत दिसत नाही. वेदनाशामक गोळी देऊन, तेल चोळून मुलाला पुन्हा मैदानावर पाठवले तर तो वाढतो. वेळीच ओळखला तर बहुतेकदा विश्रांतीने आणि योग्य व्यायामाने बरा होतो. पायाला मुंग्या येत असतील किंवा रात्री दुखण्याने झोपमोड होत असेल, तर एक दिवसही थांबू नका.

क्रीडाशिक्षकांना माझी नम्र विनंती आहे. एका मैदानावर शंभर मुले सांभाळणारे तुम्ही लोक, तुमच्या अडचणी मला ठाऊक आहेत. पण ‘अजून दहा फेक’ म्हणायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्याच वेळात ‘टाच उचल’ असेही म्हणता येते. सतराव्या वर्षी कंबर गमावलेला मुलगा दहाच काय, एकही खेळ खेळू शकत नाही. यंदाच्या स्पर्धेत त्याची थाळी दोन मीटर अलीकडे पडली तरी चालेल. पुढची दहा वर्षे तो मैदानावर दिसला पाहिजे.