पक्कड नको, चमचा द्या

आमच्या कॉलेजच्या संगीत कक्षात, तंबोरे ठेवले आहेत त्या कोपऱ्याच्या वर, भिंतीवर एक सूचना चिकटवलेली आहे. ‘गिटारच्या तारा विद्यार्थ्यांनी बदलू नयेत. तार तुटल्यास कार्यालयात कळवावे.’ ही सूचना लागली त्याचे कारण मी आहे. आजवर ही गोष्ट तिघांनाच ठाऊक होती. आता वार्षिकाच्या कृपेने सर्वांना ठाऊक होईल. तेव्हा प्रथम गुन्हा कबूल करतो आणि मग त्या सूचनेविरुद्ध चार शब्द लिहितो. गुन्हेगाराने कायद्यावर टीका करू नये असे कुणी म्हणेल. पण मला वाटते, या एका कायद्याविषयी बोलण्याचा अधिकार मलाच जास्त आहे.

मागच्या वर्षी स्नेहसंमेलनाच्या आदल्या संध्याकाळी मी गिटारच्या तारा बदलायला बसलो. आमचे गाव समुद्राजवळ. पोलादी तारांना इकडे गंज फार लवकर धरतो. जुन्या तारांवरून बोट फिरवले की बोट काळे व्हायचे. नव्या तारांचा संच आणलेला होता. अडचण एकच होती. तारेचे खालचे टोक धरून ठेवणाऱ्या त्या सहा पांढऱ्या पिना काही केल्या निघेनात. रंगमंचावर दिव्यांची जोडणी चालली होती. तिथल्या वायरमनची पक्कड मागून आणली, पिनेचे डोके पकडले आणि दात ओठ खाऊन ओढले. पहिल्या पिनेचे डोके पकडीत आले आणि धड आत राहिले. दुसरी पीन निघाली, पण तिरकी निघाली, आणि येताना भोकाच्या कडेचा लाकडाचा टवका घेऊन आली.

मी गिटार पिशवीत घातली, चेन लावली आणि घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी पिशवी उघडली तेव्हा काय झाले ते सांगायला नकोच. संगीत कक्षाची किल्ली दोघांकडे असते, सरांकडे आणि झाडलोट करणाऱ्या मामांकडे. सरांनी मामांना विचारले. मामा म्हणाले, “मी हात लावला नाय, सर.” मी तिथेच, हार्मोनियमच्या पेटीला टेकून उभा होतो. एक शब्द बोललो नाही. तीन दिवसांनी, झोप येईनाशी झाली तेव्हा, सरांकडे जाऊन सांगितले. सर रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “मामांना सांगितलंस का?”

मामांना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, गिटार मांडीवर घेतली आणि अडकलेल्या पिनेकडे बघत म्हणाले, “अरे, ही तर पाचर. पाचर काय ओढतात होय? मागनं ढकलायची.” मामांच्या घरी शेती आहे, नांगराला पाचर ठोकण्यात आणि काढण्यात त्यांचा जन्म गेला. गिटार त्यांनी आयुष्यात प्रथमच हातात घेतली होती. तरी जे मला कळले नाही ते त्यांना एका नजरेत कळले.

आता थोडे शास्त्र सांगतो. कलाशाखेच्या वाचकांनी क्षमा करावी. तंबोऱ्याची घोडी तारांच्या दाबाने जागेवर बसलेली असते. तार घोडीवरून नुसती जाते, तिचे टोक पलीकडे तळाशी अडकवलेले असते. पोलादी तारांच्या गिटारीचे तसे नाही. तिची घोडी, जिला गिटारवाले ब्रिज म्हणतात, वरच्या पातळ फळीला सरसाने चिकटवलेली असते आणि तारा थेट तिलाच ओढत असतात. साधारण हलक्या जाडीच्या सहा तारांचा एकत्र ताण ७० ते ७५ किलो वजनाएवढा भरतो. म्हणजे एक चांगला धष्टपुष्ट प्राध्यापक त्या लाकडी पट्टीला सतत लोंबकळत असतो असे समजा.

हा सगळा भार पीन सोसते अशी माझी समजूत होती, आणि बहुतेकांची असते. ती चूक आहे. तारेच्या टोकाला एक छोटा धातूचा मणी असतो. तो भोकातून आत जातो आणि फळीच्या आतल्या बाजूला लावलेल्या कठीण लाकडाच्या पट्टीला खालून अडतो. भार सोसते ती पट्टी. पिनेचे काम एवढेच, की मणी भोकाच्या मधोमध येऊन निसटू नये म्हणून त्याला बाजूला दाबून ठेवणे. पीन वर जाड, खाली निमुळती असते. एका बाजूला तारेसाठी खाच असते. आपण मणी अडकलेला असतानाच पीन ओढतो, तेव्हा ती पाचरीसारखी अधिकच आवळते. आपण आणखी जोर करतो. पुढचे मी वर सांगितलेच आहे.

म्हणून आधी तार पूर्ण सैल करायची, लोंबेपर्यंत. मग ती पिनेजवळ बोटाने धरून भोकात खाली ढकलायची, म्हणजे मणी पट्टीपासून सुटतो. एवढे केले की पुष्कळ वेळा पीन नुसत्या बोटांनी निघते, अवजार लागतच नाही. न निघाली तर गिटारच्या पोटात हात घालून, नाण्याने पिनेचे खालचे टोक वर ढकलायचे. पाच रुपयांचे जुने जाड नाणे या कामी उत्तम. वरून दुसरा हात धरावा, नाही तर पीन उडून कपाटाखाली जाते आणि मग सगळी मंडळी जमिनीवर आडवी होतात. माझा पंजा आत जाताना त्रास होतो. प्रथम वर्षातल्या आमच्या एका भगिनीचा हात मात्र सहज जातो. संगीत मंडळात तिची निवड गळ्यासाठी झाली, पण आमच्या दृष्टीने तिचे मनगटही तितकेच मोलाचे आहे.

बाजारात यासाठी खास अवजार मिळते. खुंट्या भराभर फिरवायचे एक हँडल असते, त्याला वाइंडर म्हणतात. त्याच्या टोकाला एक खाच असते, ती पिनेच्या डोक्याखाली सरकवून हलकेच उचलायचे. अगदी स्वस्त वस्तू आहे. डॅडारिओसारख्या कंपन्या त्यातच तार कापायची कात्रीही बसवून देतात. मला ते आवडते, पण एक सावधगिरी हवी. हे अवजार तरफेसारखे चालते, आणि तरफेला टेकू म्हणून आपण घोडीचे लाकूडच वापरतो. तिथे खळी पडते. खाली पुठ्ठ्याचा तुकडा किंवा रुमालाची घडी ठेवावी. आणि वाइंडर नसेल तर चहाचा चमचा घ्यावा. त्याची कड पिनेच्या डोक्याखाली बसते, बाकी कृती तीच. जोर लागायला लागला की थांबावे, कारण याचा अर्थ मणी अजून अडकलेला आहे. चमच्याचा गुण हा, की त्याच्याने फार जोर करता येत नाही. पक्कड मात्र जितका माज कराल तितका करू देते.

पावसाळ्यात पिना जास्त हट्टी होतात, कारण दमट हवेत लाकूड फुगते आणि भोक आवळते. पण माझा अनुभव असा, की निम्मा दोष पीन बसवणाऱ्याचा असतो. मागच्या वेळी कुणी तरी ती डस्टरच्या पाठीने ठोकून बसवलेली असते. (वर्गातला डस्टर काय काय कामे करतो त्यावर स्वतंत्र लेख होईल.) मण्याजवळ तारेला किंचित बाक द्यावा, तार वर ओढून धरावी आणि पीन अंगठ्याने दाबावी. बस्स.

या पिनांचा वैताग जगात मला एकट्यालाच आलेला नाही. ओव्हेशन ही गिटार १९६६ साली काढणारे चार्ल्स कामन हे मूळचे हेलिकॉप्टर बनवणारे गृहस्थ. त्यांच्या कंपनीने पिनाच काढून टाकल्या आणि तार घोडीच्या मागच्या कडेतून ओवून घेतली. आयर्लंडमधल्या लाउडन गिटारींनाही पिना नसतात. पण आमच्या कॉलेजला आहे ती गिटार आहे, आणि तिची घोडी शिसवीची आहे. भारतीय शिसवी जगभर गिटारींना जाते. अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीने १९६९च्या सुमारास ब्राझीलची सोडून आपली शिसवी धरली. इतके चांगले लाकूड मी एका पकडीने फोडले, याची लाज मला जरा जास्तच वाटते.

आता त्या सूचनेकडे येतो. सरांचे म्हणणे, उद्या आणखी कुणी मोडेल. म्हणणे खोटे नाही. पण सूचना लागल्यापासून तार तुटली की अर्ज द्यायचा, अर्जावर सही व्हायची, मग शहराकडे जाणारे कुणी सापडले की गिटार दुकानात जायची. यंदा ऑगस्टात ती पाच तारांवर तीन आठवडे वाजली. स्पर्धेत आमच्या गायकाने पट्टी बदलून निभावून नेले, त्याबद्दल त्याला कुणी बक्षीस दिले नाही. आणि दुकानातल्या माणसाने पिना कशाने काढल्या, हे आपल्यापैकी कुणी पाहिलेले नाही. मी पाहिले. परत आलेल्या गिटारीच्या दोन पिनांच्या डोक्यांवर पकडीच्या दातांच्या खुणा आहेत. ज्याला शंका असेल त्याने संगीत कक्षात येऊन बघावे.

मी मोडतोड केली ती तारेला हात लावल्यामुळे नव्हे. कसा लावायचा ते कुणी दाखवले नव्हते म्हणून. तबलजी आपला तबला स्वतः मिळवतो, हातोडी त्याच्या पिशवीत असते, त्यासाठी तो कार्यालयात अर्ज करत नाही. तोच नियम गिटारीला का नको? जून महिन्यात एक तास द्या. जुन्या तारांवर आम्ही नव्या मुलांना काढणे-घालणे दाखवू, आणि ज्याला जमेल त्याचे नाव कक्षाच्या वहीत लिहू. त्याच्यापुरती सूचना शिथिल करावी, एवढीच मागणी आहे.

तोवर मी एक पत्र्याचा डबा करून मामांकडे ठेवला आहे. त्यात एक वाइंडर, सहा जादा पिना, पुठ्ठ्याचा तुकडा, पाच रुपयांचे नाणे आणि एक चमचा आहे. चमचा स्टाफरूममधला आहे. शोधाशोध चालली होती असे कानावर आले. तो सुखरूप आहे.