आम्हाला खुशाल बाद करा

बोदलकसा तलावाच्या पाळीवर संध्याकाळी उभं राहिलं की समोर पाणी आणि पाण्यापलीकडे जंगलाच्या टेकड्या दिसतात. मागच्या दिवाळीत मी आणि बाबा तिथं उभे असताना ओळखीचे एक काका भेटले. बाबा पोहण्याच्या स्पर्धेत उतरले होते, हे त्यांच्या कानावर गेलं होतं.

"मंग, मेडल भेटलं का गुरुजी?"

"नाही जी. बाद झालो."

काकांना मनापासून वाईट वाटलं. "ह्या वयात मानसाले बाद काहून करतेत? देऊन टाकाचं एखादं."

हा लेख त्या 'देऊन टाकाचं एखादं'च्या विरोधात आहे. काका भले आहेत, त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण या एका वाक्यात जी दया आहे, ती मध्यमवयीन सामान्य माणसाचा जितका अपमान करते, तितका कुठलाही पराभव करत नाही.

आधी स्पर्धा काय असते ते सांगतो. मास्टर्स जलतरण म्हणजे उस्तादांचं पोहणं नव्हे. वयाच्या २५व्या वर्षापासून यात भाग घेता येतो आणि पाच-पाच वर्षांचे गट असतात : २५ ते २९, ३० ते ३४, असे थेट नव्वदीच्या पुढेपर्यंत. अमेरिकन नौदलातले डॉक्टर रॅन्सम आर्थर यांचं म्हणणं होतं की, मोठ्या माणसांनी नियमित व्यायाम करावा असं वाटत असेल, तर त्यांच्यापुढे स्पर्धा ठेवा. मे १९७० मध्ये टेक्सासमधल्या अमरिलो इथं तिथली पहिली राष्ट्रीय मास्टर्स स्पर्धा झाली, तेव्हा ४६ जण पोहले. १९८६ साली टोकियोत जागतिक स्पर्धा भरली. आज भारतातही राज्य आणि राष्ट्रीय पातळीवर मास्टर्स स्पर्धा होतात. मालवणच्या चिवला किनाऱ्यावर डिसेंबरात भरणाऱ्या सागरी स्पर्धेत तर शाळकरी पोरांबरोबर त्यांच्या आजोबांच्या वयाची माणसंही समुद्रात उतरतात.

या खेळातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे रिले. तिथं चौघांच्या वयाची बेरीज करून गट ठरतो : १२० ते १५९, १६० ते १९९, २०० ते २३९. जिथं वय लपवायचं नसून मिळवायचं असतं, अशा जागा आपल्याकडे फार नाहीत.

बाबा ५४ वर्षांचे होते. विदर्भातल्या एका शहरात स्पर्धा होती. मी २५ ते २९ गटात नाव दिलं आणि त्यांच्या मागे लागून ५० मीटर ब्रेस्टस्ट्रोकसाठी त्यांचंही दिलं. ते पोहायला शिकले ते गावच्या मामा तलावात, पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून. डोकं सदैव पाण्याबाहेर. सूर मारून सुरुवात करायची त्यांना भीती वाटत होती. मास्टर्सच्या नियमांत त्याची सोय आहे : ठोकळ्यावरून, काठावरून किंवा पाण्यातच भिंतीला हात लावून, कशीही सुरुवात करता येते. ते पाण्यातून निघाले. पंचवीस मीटर गेले, नेहमीप्रमाणे एका हातानं भिंत धरली, वळले, परत आले. घड्याळात १ मिनिट १२ सेकंद.

आणि पंचाचा हात वर गेला. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये वळताना आणि संपवताना दोन्ही हात एकाच वेळी भिंतीला लागावे लागतात. बाबांचा एकच लागला होता. बाद.

मी तणतणत पंचांकडे गेलो. "सर, पहिलीच वेळ आहे त्यांची, वय बघा..." मागून ओल्या टॉवेलात बाबा आले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "चूप बैस. त्या मानसानं चाळीस वर्षांत पहिल्यांदा माह्या हाताकडे पाहिलं."

ते वाक्य पचायला मला बरेच दिवस लागले. आता मला वाटतं, सगळा मुद्दा तिथंच आहे. सवलत वेगळी आणि दया वेगळी. पाण्यातून सुरुवात करू देणं ही सवलत आहे. गुडघा, कंबर, भीती यांचा विचार करून आधीच लिहून ठेवलेली, सगळ्यांना सारखी. दोन हातांऐवजी एक चालवून घेणं ही दया आहे. समोरचा म्हातारा बघून ऐन वेळी सुचलेली. सवलत माणसाला शर्यतीत घेते. दया त्याला शर्यतीतून काढून खुर्चीवर बसवते आणि हातात नारळ देते.

आता विरोधी पक्षांकडे वळतो. ते तीन आहेत.

पहिला पक्ष म्हणतो : जिंकणार नसाल तर उतरता कशाला? आपल्याकडे पोहणं म्हणजे उन्हाळी शिबिर. पोरगं पाण्यात, आईबाप गॅलरीत. पोरगं जिल्ह्यात आलं तर पुढे, नाही तर दहावीच्या वर्षी बंद. म्हणजे खेळ हा चॅम्पियन शोधण्याचा गाळा. जो गाळात राहिला त्यानं पुन्हा पाण्याकडे बघू नये. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. तिथं 'ॲव्हरेज' हा शब्द शिवीसारखा वापरतात, आणि तरीही दरवर्षी अप्रेझलला बहुसंख्य लोक ॲव्हरेजच निघतात, कारण सरासरीचा अर्थच तो आहे. ज्या व्यवस्थेत बहुसंख्यांना लाज वाटलीच पाहिजे, ती व्यवस्था तपासायला हवी, बहुसंख्यांना नव्हे. मी माझ्या गटात सहा जणांत पाचवा आलो. मला पाचवा क्रमांक मिळाला, कारण पहिले चौघं माझ्यापेक्षा वेगानं पोहले. यात लाज कुठं आहे?

दुसरा पक्ष जास्त गोड बोलतो : तब्येतीसाठी पोहा हो, स्पर्धा कशाला? आपली स्पर्धा स्वतःशी. ऐकायला छान आहे. पण स्वतःशीच्या स्पर्धेत पंच आपणच असतो आणि तो भलताच मायाळू असतो. बाबा चाळीस वर्षं स्वतःशी स्पर्धा करत होते. एक हात टेकतोय हे त्यांना कळलंसुद्धा नाही. आपलं काही चुकतंय हे सांगायला परका माणूस लागतो, आणि परक्यानं तेवढं लक्ष द्यावं यासाठी आपण मोजणीला उभं राहावं लागतं.

तिसरा पक्ष टाळ्या वाजवतो. त्याला म्हातारे आवडतात, पण शंभर वर्षांचे. जपानच्या मिएको नागाओका यांनी ऐंशीच्या आसपास पोहायला सुरुवात केली आणि २०१५ मध्ये शंभराव्या वर्षी १५०० मीटर अंतर सव्वा तासाहून थोड्या जास्त वेळात पूर्ण केलं. थोर गोष्ट आहे. पण तो व्हिडिओ 'प्रेरणादायी' म्हणून पुढे ढकलणाऱ्यांनी पंचावन्न वर्षांच्या, पोट सुटलेल्या, सरळ रेषेत न पोहणाऱ्या शेजाऱ्याला कधी विचारलंय का, की काल तुमची वेळ काय आली? चमत्कार सगळ्यांना हवा असतो. मधल्या वयाची मधली वेळ कुणालाच नको असते.

आणि खरं सांगायचं तर चौथा पक्ष आम्हीच आहोत. गटात तीनच जण असतील तर तिसऱ्याला कांस्यपदक मिळतं. मग गावी फ्लेक्स लागतो, शाल-श्रीफळ होतं, आणि तिघांत तिसरा हे कुणी सांगत नाही. मास्टर्सचा खेळ हास्यास्पद होतो तो हळू पोहणाऱ्यांमुळे नव्हे, या लपवालपवीमुळे. माझी आयोजकांकडे मागणी साधी आहे. पदकं कमी करा, निकालपत्रक पूर्ण छापा. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत प्रत्येकाची वेळ, गटात किती जण होते तो आकडा, आणि जो बाद झाला त्याच्यापुढे कारण. संथ पोहणाऱ्यांची हीट चालू असताना माईकवरून 'चला काका, येऊ द्या' म्हणू नका. घड्याळ चालू ठेवा आणि गप्प राहा. तेवढा मान पुरे.

हे सगळं मी बोदलकसाच्या पाळीपासून का सुरू केलं? कारण आमच्या भागात पाण्याला तोटा नाही. भंडारा-गोंदियाला तलावांचे जिल्हे म्हणतात. कोहळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधले, पुढे मालगुजारी गेली आणि ते 'माजी मालगुजारी' म्हणून मामा तलाव झाले. ढिवर माणूस अर्धा दिवस पाण्यात असतो : जाळं लावायला, शिंगाडे काढायला. त्याला कुणी जलतरणपटू म्हणत नाही, तोही स्वतःला म्हणत नाही. इथं पोहणं कामासाठी असतं, नाही तर जीव वाचवायला. पाणी चिक्कार, पण त्याला भिंत नाही, पट्टा नाही, घड्याळ नाही. अशा पाण्यातून आलेल्या माणसाला कुणी तरी प्रथमच सांगितलं की तुझे पन्नास मीटर इतरांच्या पन्नास मीटरइतकेच लांब आहेत आणि तुझ्या चुकीला तोच नियम आहे. यापेक्षा समतेची सोपी व्याख्या मला माहीत नाही.

त्या स्पर्धेनंतर बाबांनी दोन हातांचा सराव घरीच सुरू केला. स्वयंपाकघराच्या भिंतीला. आई भाकरी थापतेय आणि हे मागून येऊन दोन्ही तळवे भिंतीला टेकवून वळतायत. रंगावर ठसे पडले म्हणून आईनं आरडाओरडा केला.

यंदा ते पुन्हा उतरले. पंचावन्न झाल्यानं ५५ ते ५९ या गटात गेले, म्हणजे गटातले सगळ्यात तरुण. तरी चौघांत चौथे आले. वेळ १ मिनिट १४ सेकंद, गेल्या वर्षीपेक्षा दोन सेकंद जास्त. पंचाचा हात खालीच राहिला.

परवा ते पाळीवरचे काका पुन्हा भेटले. "मंग गुरुजी, यंदा?"

"शेवटचा आलो," बाबा म्हणाले, आणि खिशातून निकालपत्रकाची घडी काढून नाव दाखवलं.