हजेरी मोबाइलवर, मजुरी अधांतरी

दिवाळी सरून भातकापणी उरकली की शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील वाड्यापाड्यांवरून कातकरी, ठाकर कुटुंबे भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांची वाट धरतात. हे स्थलांतर थांबावे, गावातच काम मिळावे, हा रोजगार हमीचा इथला मूळ हेतू. मात्र भट्टीचा मालक हंगामाआधीच उचल हातावर ठेवतो. हमीचे काम करणाऱ्याला दाम नंतर मिळतो. तेव्हा ‘केलेल्या कामाचे पैसे नक्की मिळतील’ हा विश्वासच या योजनेचे खरे भांडवल होय. कामाच्या ठिकाणी हजेरी नोंदविणाऱ्या संगणकीय प्रणालीचे मोलही याच कसोटीवर ठरवावयास हवे.

महात्मा गांधी राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी योजनेसाठी केंद्र सरकारने मे २०२१ मध्ये ‘नॅशनल मोबाइल मॉनिटरिंग सिस्टीम’ आणली. प्रारंभी ती ऐच्छिक होती. मे २०२२ मध्ये २० किंवा अधिक मजुरांच्या कामांना आणि १ जानेवारी २०२३ पासून, वैयक्तिक लाभाची कामे वगळता, सर्वच कामांना ती सक्तीची झाली. मेट म्हणजे कामावरच्या मुकादमाने आपल्या स्मार्टफोनवर हजेरीपट उघडायचा, मजुरांची हजेरी लावायची आणि दिवसातून दोनदा, वेळ व ठिकाणाच्या नोंदीसह, छायाचित्र चढवायचे, अशी ही पद्धत.

तिच्यामागचे कारण खोटे नव्हते. १९७२च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमीने महाराष्ट्र सावरला, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. पण हजेरीपटावरच्या बोगस नावांचे ग्रहणही तिला लागले. कामावर कधीही न आलेल्यांच्या नावे पैसे उचलले जात असतील तर हजेरीची शहानिशा हवीच, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही.

अडचण आहे ती यंत्रणेचा भार कोणाच्या शिरावर पडतो, याची. सह्याद्रीच्या पायथ्याशी, माळशेजकडे किंवा डोळखांबच्या आतल्या भागात मोबाइलची रेंज ही डोंगराच्या मर्जीची बाब. रेंज नसेल तर सकाळची हजेरी फोनमध्ये साठवून नंतर पाठविण्याची सोय पुढे करण्यात आली, दुसरे छायाचित्र चार तासांनंतर घेण्याची मुभाही मिळाली. तरीही फोन बिघडला, बॅटरी संपली, छायाचित्र चढलेच नाही, तर? अपवादात्मक परिस्थितीत हाताने हजेरी नोंदविण्याचा अधिकार दिला गेला तो जिल्हा कार्यक्रम समन्वयकाला. महाराष्ट्रात हे काम जिल्हाधिकाऱ्यांकडे. शहापूरहून ठाणे सुमारे ५० किलोमीटर. आतल्या पाड्यावरून त्याहून दूर. २०२५-२६ मध्ये राज्यातील मजुरीचा दर होता दिवसाला ३१२ रुपये. एका बुडालेल्या दिवसासाठी तेवढा प्रवास कोण करणार? मजूर अर्थातच करत नाही. तो पुढच्या वेळी कामावर येत नाही, इतकेच.

त्याहून मूलभूत विसंगती निराळीच. महाराष्ट्राच्या रोजगार हमीत मजुरी प्रामुख्याने ‘कामाप्रमाणे दाम’ या तत्त्वावर ठरत आली आहे. किती तास उभे राहिलात यापेक्षा किती माती उपसलीत, हे मोजले जाते. उन्हाळ्यात पहाटे कामाला लागून ऊन चढण्यापूर्वी ठरलेले खड्डे पुरे करणे हा शहाणपणाचा रिवाज. आता काम संपले तरी दुसऱ्या छायाचित्रापुरते थांबा किंवा परत या! पाण्यासाठी कोसभर जाणाऱ्या बाईला हे चार तास काय पडतात, हे निराळे सांगायला नको. तानसा आणि भातसा या तालुक्यात असूनही उन्हाळ्यात इथल्या पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते.

बरे, एवढे करून लबाडी थांबली का? ग्रामविकास मंत्रालयाच्याच जुलै २०२५च्या परिपत्रकाने भलतीच छायाचित्रे चढविणे, छायाचित्रावरून छायाचित्र घेणे, एकच माणूस अनेक हजेरीपटांवर दाखविणे असे प्रकार नोंदविले आणि ग्रामपंचायत पातळीवर सर्व छायाचित्रे तपासण्याचे फर्मान काढले. यंत्राने माणसावर पाळत ठेवायची आणि माणसाने पुन्हा यंत्रावर, असा हा फेरा. लबाडाला वाट सापडली. रेंज नसलेल्या प्रामाणिक मेटला मात्र सापडली नाही. या सक्तीविरुद्ध २०२३ च्या प्रारंभी देशभरातील मजुरांनी दिल्लीत जंतरमंतरवर धरणे धरले होते, ते याच अनुभवामुळे.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मनरेगाची जागा घेणारा नवा कायदा संमत केला. कामाच्या हमीचे दिवस १०० वरून १२५ झाले, आणि जैवमितीय ओळख व मोबाइलवरील देखरेख आता थेट कायद्यातच आली. म्हणजे प्रश्न संपलेला नाही, उलट पक्का झाला आहे. मजुरी १५ दिवसांत न मिळाल्यास विलंबाच्या भरपाईची तरतूद मनरेगात होती. पण जी हजेरी प्रणालीत उमटलीच नाही, तिच्यासाठी विलंबाचे घड्याळ सुरूच होत नसे. ही फट नव्या नियमांत तरी बुजवावी लागेल. हजेरी दुरुस्तीचा अधिकार तहसीलदारांपर्यंत खाली आणणे, तीन दिवसांच्या आत निर्णय बंधनकारक करणे आणि रोज सायंकाळी मजुराच्या जॉबकार्डावर मेटची सही असलेली नोंद करून, प्रणाली बंद पडल्यास तीच पुरावा म्हणून ग्राह्य धरणे, यासाठी नवे सॉफ्टवेअर लागत नाही. एक शासन निर्णय पुरतो, आणि तो पुढच्या भातकापणीआधी निघाला तर शहापूर-मुरबाडच्या पाड्यांना त्याचा उपयोग आहे.